पैठणला नाव बुडवून आला

माझा साडू इंद्रजीत याच्यावर मी जळतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. मी फक्त त्याच्याकडं लक्ष ठेवून असतो. त्यानं गाडी कुठली घेतली, केस कशानं काळे केले, सासूबाईंनी त्याच्या वरणावर तूप किती धारेनं सोडलं, एवढंच. बाकी त्या माणसाशी मला काही घेणंदेणं नाही.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. गारखेड्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवण्यात हयात गेली. इंद्रजीत चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याला तारेचं वेटोळं आणि चुंबकीय क्षेत्र यांचं नातं विचारा, तो म्हणेल, "साडूभाऊ, चहा टाकू का?" आणि याच माणसानं ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. पिवळा, खेळण्यासारखा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो होतो, तर हा रिकामटेकडा ते खेळणं घेऊन शेतात फिरला आणि सासूबाईंचा कधीकाळी हरवलेला चांदीचा कंबरपट्टा बांधावरून उकरून आणला.

आता बांधावर हरवलेली वस्तू बांधावर सापडली, यात विद्वत्ता ती काय? पण आमच्या सासूबाई, आक्काबाई, ढसाढसा रडल्या. त्यांनी इंद्रजीतची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "औंदा धोंड्याच्या जेवणाला पयलं ताट इंद्रजीतचं."

माझ्या हातातला आमरस हातातच राहिला. अधिक महिना येतो तीन वर्षांतून एकदा. त्यात जावयाला पाटावर बसवून ओवाळतात आणि पुरणाचे धोंडे वाढतात. जावई म्हणून माणसाला एरवी मिळतं काय? आणि थोरला जावई मी आहे. माझी बायको मेघा थोरली, इंद्रजीतची दिपाली धाकटी. पहिलं ताट थोरल्याचं, हे सूर्य पूर्वेला उगवतो तितकं ठरलेलं. आक्कांनी सूर्यच फिरवला.

"तुम्हाला धोंडे मिळणारच आहेत की," परत येताना मेघा म्हणाली. "आधी काय अन् मागून काय, पुरण तेच."

बायकांना मानापमानातलं फारसं कळत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची पद्धत आमच्याकडं नाही.

त्या रात्री आडवा पडलो आणि मला मुंजाबा आठवला.

मुंजाबा म्हणजे आक्कांचे सासरे, मेघाचे आजोबा. मेंढरं पाळायचे, घोंगड्या विणून विकायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण सासुरवाडीहून कुणी पैठणच्या रस्त्याला लागलं की आक्का दारातून ओरडणार म्हणजे ओरडणारच, "जपून रं बाबा! मुंजाबा गेला आन पैठणला नाव बुडवून आला!" लग्न झाल्यापासून हे ऐकतोय. आणि एवढी वर्षं माझ्यासारख्या शास्त्राच्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

मी ताडकन उठून बसलो. धरणाच्या आधी गोदावरीत नावा चालायच्या. मुंजाबा घोंगड्या घेऊन पैठणच्या बाजारात गेले असणार. घोंगड्या विकून तांब्याचे हंडे, पितळी समया, चांदीसुद्धा घेतली असेल, कुणी सांगावं. येताना नाव बुडाली. आता तर्क बघा. नाव बुडवून 'आला', म्हणजे माणूस परत आला. परत आला म्हणजे पोहत आला. घोंगडी पांघरणारा माणूस पोहून पोहून किती पोहणार? म्हणजे नाव काठाजवळ बुडाली. तो काठ आज नाथसागराच्या पोटात, गाळाखाली. इंद्रजीतचं पिवळं खेळणं वीतभर मातीच्या खाली आंधळं होतं. मला पाण्याखालच्या, गाळाखालच्या धातूला हाक मारील असं यंत्र पाहिजे होतं, आणि ते बनवणारा माणूस त्या क्षणी पलंगावर बनियनवर बसला होता.

सकाळी मी मेघाला म्हणालो, "मी आक्कांची नाव वर काढणार."

"काढा की," ती पोळी लाटत म्हणाली. "आजवर कुठं काढलंत?"

या वाक्यात काहीतरी खोच होती, पण मी घाईत होतो.

जितकं खोल शोधायचं तितकं वेटोळं मोठं लागतं. मी प्लॅस्टिकचा पाइप गरम पाण्यात वाकवून बैलगाडीच्या चाकाएवढं कडं केलं आणि तांब्याची तार घ्यायला शहागंजात मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तारेचं माप ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "सर, ये मोटर का तो नै लगरा. क्या बनारे?"

"नाव ढूंडनी है," मी म्हणालो.

"किसका नाँव?"

"सास के सुसरे का."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्यानं तार मोजून दिली आणि वर चहा पाजला. सासरच्या जाचानं माणसाचं असं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

यंत्र तयार झालं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मी बटण दाबलं आणि ते असं बोंबललं की मेघाच्या हातातून पातेलं पडलं. पातेलं पडल्यावर आणखी बोंबललं. दिवाणाखाली बोंबललं, भिंतीपाशी बोंबललं, देवघरापाशी तर थांबेचना. स्लॅबमध्ये सळया असतात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या सळयांनी एकसुरात उत्तर देणं वेगळं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे खंडेराव जिना चढून आले. खंडेराव महसुलातून रिटायर झालेले. कानाला यंत्र लावतात, आणि सल्ला दिल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागत नाही.

"राजेंद्रराव," ते घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "सकाळपासून माझ्या कानात कुणीतरी टकटक करतंय. आमची ही जाऊन चार वर्षं झाली. बोलावती की काय?"

मी यंत्र बंद केलं. टकटक थांबली. खंडेरावांनी माझ्याकडं आणि कड्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि बायको नव्हती म्हटल्यावर जरा निराशच झाले. पण मग खुर्चीत बसून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. "पाण्याखाली चालायचं ना? मग पाण्यात तपासा. गच्चीवर एवढी टाकी आहे. खाली एक पितळी तांब्या सोडा, वरून वेटोळं सोडा. साधं आहे."

सल्ला खरोखर चांगला होता. मी गच्चीवर गेलो, तांब्या सोडला, वेटोळं सोडलं. वेटोळं आडवं शिरलं आणि टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या दांडीला अडकलं. मी ओढलं. गोळा हातात आला.

आमच्या शहरात पाणी कधी येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. माणसं पाण्याच्या दिवसावर लग्नाच्या तारखा काढतात. आठवडाभर वाट पाहून त्याच दिवशी नळाला पाणी आलं, पंप लागला, टाकी भरली, आणि अडवायला गोळाच नसल्यानं सगळं पाणी गच्चीवरून पन्हाळीनं खाली गेलं. खालची टाकी कोरडी झाली तेव्हा लोकांना कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मी इथं देत नाही. खंडेरावांनीच सगळ्यात आधी लिहिलं, "शिकलेल्या माणसानं असं करावं?" टँकर मागवावा लागला. टँकरवाल्यानंसुद्धा खाली वाकून विचारलं, "तेच का ते सर?"

आणि इंद्रजीत? त्याला दिपालीकडून कळलं. तो त्याच संध्याकाळी गाडीत पाण्याचे जार घालून आला. सोसायटीतल्या प्रत्येक दारात एकेक जार ठेवला. बायका म्हणाल्या, "सर, तुमचे साडू किती चांगले हो!" मी दात काढून हसलो. आतून माझा नुसता जाळ झाला होता. हा माणूस मला एक दिवससुद्धा नीट वाईट दिसू देत नाही.

पुढं परवानगी. धरणात यंत्र घेऊन उतरायचं तर कुणाला तरी विचारलं पाहिजे, म्हणून मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण ते आमचं नव्हेच असं तिथले लोक अजूनही म्हणतात. टेबलावरच्या साहेबांनी पेन उघडलं.

"नाव?"

"त्याच्यासाठीच आलोय," मी म्हणालो.

"अहो, नाव सांगा."

"बुडालीय."

साहेबांनी पेन ठेवलं. "तुमचं नाव विचारतोय मी."

"माझी नाही हो. सासूबाईंच्या सासऱ्यांची."

मागच्या टेबलावरच्या बाई डबा खाता खाता थांबल्या. बराच घोळ झाल्यावर साहेबांच्या ध्यानात आलं. मग ते खुर्चीत मागं रेलले. "कधी बुडाली?"

"धरणाच्या आधी."

"मग आमच्याकडं येत नाही. आमच्याकडं फक्त धरणामुळं बुडालेलं. ही स्वतःहून बुडाली."

मी विचारलं, मग कुणाकडं जाऊ? ते म्हणाले, तिकडं पक्षी असतात, त्या लोकांना विचारा. पक्ष्यांच्या लोकांनी विचारलं, यंत्राचा आवाज कसा येतो? मी तोंडानं काढून दाखवला. ते म्हणाले, या आवाजाला पक्षी काय, आम्हीच थांबणार नाही. शेवटी पहिल्याच साहेबांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "सर, धोंड्याचा महिना आहे, जावई माणूस होडीत बसून फिरला तर कोण अडवतंय? फक्त आम्ही हो म्हटलं असं सांगू नका. आणि नाही म्हटलं असंबी सांगू नका."

असा शासनाचा पूर्ण पाठिंबा घेऊन मी धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सासुरवाडीला दाखल झालो.

गाव धरणात गेल्यावर वर वसवलेलं गाव ते. उन्हाळ्यानं पाणी आत आत गेलेलं, काठाला गाळ उघडा पडलेला. आक्कांच्या ओट्यावर पाट मांडलेले, आतून पुरणाचा वास. मी ठरवलं होतं, जेवणाच्या आधी नाव शोधून काढायची. एखादा हंडा हातात घेऊन ओट्यावर चढायचं आणि म्हणायचं, आक्का, हा घ्या मुंजाबांचा ठेवा. मग बघू पहिलं ताट कुणाचं.

मी गावातल्या धोंडिबाला त्याचा थर्माकोलचा तराफा सांगून ठेवला होता. मासे धरायला तिकडं तेच वापरतात. पाहतो तर काठाला तराफा नाही. आकाशी रंगाची कोरी करकरीत होडी उभी, आणि होडीशेजारी हात बांधून इंद्रजीत.

"साडूभाऊ, तराफा हलतो लई. तुमचं वेटोळं जड. म्हणून म्या धोंडिबानं नवी घेतलेली ही होडी बघून ठेवली," तो म्हणाला.

झालं! म्हणजे नाव सापडली की लोक म्हणणार, होडी इंद्रजीतनं आणली म्हणून सापडली. मी दातओठ खात बसलो. तोही चढला. धोंडिबानं वल्हं मारलं. काठावर सगळं गाव आणि आमच्या घरातली मंडळी गोळा झाली होती. आक्काबाई पदर कपाळाशी धरून बघत होत्या.

"साडूभाऊ, एक सांगू का? ही होडी..." इंद्रजीत म्हणाला.

"होडीचं कौतुक मागून," मी म्हणालो. "प्रयोग चालू असताना बोलायचं नसतं."

"पर ती होडी..."

"इंद्रजीत! थोरला कोण आहे?"

नदी ओलांडायच्या जुन्या उताराच्या अंदाजानं थोडं आत गेल्यावर मी वेटोळं पाण्यात सोडलं आणि बटण दाबलं.

काय सांगू! यंत्रानं असा टाहो फोडला की पाण्यावरचे बगळे झाडून सगळे उडाले. मी वेटोळं डावीकडं नेलं, टाहो. उजवीकडं नेलं, टाहो. म्हणजे लहानसहान हंडा नव्हता. खाली लांबरुंद, अखंड धातू होता. मी होडीत ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि काठाकडं बघून ओरडलो, "आक्का! नाव सापडली!"

"कंची?" धोंडिबा म्हणाला. "हिच्याबिगर हितं दुसरी न्हाई. आन ही पत्र्याची हाय."

मला ते समजेपर्यंत फार उशीर झाला नाही. आकाशी रंगाखाली पत्रा होता. माझ्या यंत्रानं नाव बिनचूक शोधली होती. मी तिच्यातच उभा होतो. हे कळून मी मटकन खाली बसलो ते होडीच्या काठावर बसलो, वेटोळ्याचं वजन त्याच बाजूला, होडीनं एकदाच पाणी घेतलं आणि तिघांना सोडून खाली गेली.

पाणी छातीएवढं होतं. बुडून मरण्याची सोयसुद्धा नव्हती. काठावरचा हशा सगळा ऐकावा लागला.

मी गाळानं माखून ओट्यावर आलो. मेघानं अंगावर टॉवेल टाकला. तिचे खांदे हलत होते. रडत असेल असं मला आधी वाटलं. इंद्रजीत अजून पाण्यातच होता. होडी गाळावरून घसरून जुन्या पात्राच्या उतारात गेली होती आणि गढूळ पाण्यात दिसत नव्हती. धोंडिबाचं पोट त्या होडीवर होतं, म्हणून इंद्रजीत ती शोधायला थांबला होता. कशानं शोधत होता ते विचारूच नका. पिवळ्या खेळण्यानं.

"जावईबापू," आक्का माझ्यासमोर येऊन बसल्या, "तुमी काय धुंडीत व्हता पान्यात?"

"मुंजाबांची नाव," मी नाक पुसत म्हणालो. "पैठणला बुडवलेली."

आक्कांच्या तोंडाला पदर गेला. "अगं माय माय! अहो, ती नाव न्हवं! नाव, नाव! घराण्याचं नाव!"

ओट्यावर कुणीतरी शिट्टी मारली. आक्का डोळे पुसत सांगू लागल्या. "मुंजाबाची सासुरवाडी पैठणची. धोंड्याच्या जेवणाला गेला. थोरला जावई व्हता. सासूनं पयलं ताट साडूला वाढलं. ह्याला आला राग. ताट पालथं घातलं, समई लवंडली, आन भर पंगतीतून तडातडा निघून आला. समद्या पैठणात आमच्या घराचं नाव बुडवून आला. म्हून म्या जाणाऱ्याला सांगती, जपून."

मराठीत नाव बुडते की बुडतं, एवढं एक साधं लिंग मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, आणि आक्कांनी 'बुडवून आला' म्हणून ते कधी कळू दिलं नव्हतं.

"आन पयल्या ताटाचं म्हनाल," आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "इंद्रजीतला साखरेचा आजार हाय. गोळी घेतल्यावर दम निघत न्हाई त्याला. म्हून त्याला आधी. तुमी तर घरचे, तुमाला उशीर चालतो. पर तुमाला एवढं लागलं व्हय? बसा. तुमचं पयलं."

त्यांनी खरोखर मला पहिल्या पाटावर बसवलं. मेघानं ताट मांडलं, धोंड्यांवर तूप सोडलं, तेही बऱ्यापैकी जाड धारेनं. आक्कांनी तबकात निरांजन लावलं. मी ओल्या अंगानं ताठ बसलो. इंद्रजीत अजून चिखलात होता आणि मी पाटावर होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आक्कांनी तबक उचललं, माझ्या कपाळाशी आणलं.

तेवढ्यात काठावरून एकच ओरडा झाला, "निघाली! नाव निघाली!"

ओट्यावरची सगळी मंडळी धावली. मेघा धावली. आक्का तबक घेऊन तशाच निघाल्या, निरांजनाला हाताचा आडोसा करत. मी पाटावरून मान उंच करून बघितलं. ट्रॅक्टरला दोर लावलेला, आकाशी होडी गाळातून वर येतेय, तिच्यात माझं वेटोळं अडकलेलं, आणि पुढं चिखलानं माखलेला इंद्रजीत. धोंडिबा त्याच्या गळ्यात पडला होता. आणि आक्काबाई माझं निरांजन त्याच्या तोंडावरून ओवाळत होत्या.

माझ्यासमोर ताट होतं. मुंजाबाची मला फार आठवण झाली. तो बिचारा काय चुकला, असं पहिल्यांदाच वाटलं. हात ताटाच्या कडेला गेला होता. पण तूप लई सुरेख होतं. मी धोंडा मोडला.

आक्का परत आल्या तेव्हा माझा दुसरा चालू होता. त्यांनी तबक खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, मागून येणाऱ्या इंद्रजीतकडं बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "बेस झालं. एक जावई नाव बुडवून आला, एक जावई नाव काढून आला."

या वेळी मात्र मी गाफील राहिलो नाही. घास गिळून सरळ विचारलं, "आक्का, नाव म्हणजे कुठलं? बुडवली का बुडवलं?"

आक्कांनी थोडा विचार केला. मग तुपाची वाटी माझ्याकडं सरकवली.

"तुमी जेवा," त्या म्हणाल्या.